न्हाणीचा नळ शेवटी

१

बोट हिवाळ्यासाठी बाहेर काढायची तर आधी तिच्या पोटातलं पाणी काढावं लागतं. टाकीतलं, पाइपांतलं, पंपातलं, गिझरमधलं, सगळं. वाटीभर जरी कुठल्या कोपऱ्यात राहिलं तरी जानेवारीत त्याचा बर्फ होतो, तो फुगतो आणि सांधा फोडतो. मग वसंतात टाकी भरली की गाद्या तरंगायला लागतात. ऊर्मिलाला हे तोंडपाठ होतं, कारण उल्हासराव दर ऑक्टोबरात हेच ऐकवायचे आणि त्या कामासाठी स्टुटगार्टहून एकटेच बोडनसे तळ्यावर निघून जायचे. "तू कशाला थंडीत कुडकुडतेस?" म्हणायचे. सोळा वर्षं तिनं या सौजन्याचं कौतुक केलं होतं.

फेब्रुवारीत उल्हासराव गेले. बोट राहिली. साडेनऊ मीटरची, पांढरी, बाजूला निळ्या अक्षरांत 'कौमुदी'. बंदरातले जर्मन लोक तिला 'काउमूडी' म्हणायचे आणि ऊर्मिलानं ते सुधारायचं कधीच सोडून दिलं होतं.

"वहिनी, माझं ऐका," बाड हॉम्बुर्गहून तिचे दीर भास्कर दर रविवारी फोनवर सांगायचे. "त्या बोटीच्या नावानं आंघोळ करा आता. ते एकट्या बाईचं काम नाही. माझ्या ऑफिसातला एक जण घ्यायला तयार आहे. पुढच्या रविवारी घेऊन येतो त्याला."

राहतं घर उल्हासरावांच्या कंपनीमुळे मिळालेलं. गाव त्यांच्या नोकरीमुळे. ओळखीपाळखीसुद्धा त्यांच्याच. पण सुकाणू धरायला ऊर्मिला एक्केचाळिसाव्या वर्षी स्वतः शिकली होती, परीक्षा देऊन, जर्मनमधून, आणि पहिल्या फटक्यात पास होऊन. उल्हासरावांना दोनदा बसावं लागलं होतं. साऱ्या जर्मनीत ती कुणाची वहिनी किंवा कुणाची मिसेस नव्हती अशी जागा एकच, ती म्हणजे या बोटीचा मागचा बाक.

"भावजी," ती म्हणाली, "मी एकटीनं बोट हिवाळ्यासाठी तयार करून दाखवली, तर विकायचा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"आणि कुठे काही फुटलं तर?"

"तर तुमच्या माणसाला खुशाल घेऊन जाऊ दे."

बोलून गेली खरी. पण बोललेलं मागे घेणाऱ्यांतली ती नव्हती.

२

मंगळवारी दुपारी बारा वाजता ती बंदरात पोचली तेव्हा तळ्यावर धुकं उतरलेलं होतं. पलीकडचा स्वित्झर्लंड सोडा, चौथी बोटसुद्धा दिसत नव्हती. क्रेन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होती आणि रात्री पारा उणे चारवर जाणार होता.

"गान्झ आलाइन?" क्रेनवाल्या हेर ब्रुगरनं विचारलं. अगदी एकट्याच?

"हो. गान्झ आलाइन," ती म्हणाली.

आत उतरून तिनं सगळ्यात आधी उल्हासरावांची यादी काढली. वहीचा एक कागद, प्लास्टिकमध्ये बंद केलेला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. चौदा कलमं. इंजिनियरचं अक्षर, छापल्यासारखं. पहिल्या बाजूला नऊ. वाचताना तिला हसू आलं, कारण चौथ्या कलमाखाली त्यांनी 'चहा' असं लिहून दोन रेघा मारल्या होत्या.

तिनं स्वयंपाकघरातला नळ सोडला. बाकाखालचा पंप घरघरला. नळ उघडला की पंप आपोआप चालतो, बंद केला की थांबतो. दुसऱ्या कशानंही चालत नाही. वीस मिनिटांनी टाकी संपली, पंप हवा ओढून खोकला आणि तिनं नळ बंद केला. मग चहा. नवऱ्याच्या यादीबरहुकूम.

आता गिझर. पायऱ्यांच्या मागे आडवा बसवलेला वीस लिटरचा डबा. तिनं खालच्या तोटीला नळी लावली, नळीचं टोक बादलीत सोडलं, वरची झडप हवा जायला उचलली. पाणी आलं.

तिनं सवयीनं बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं.

पाणी कडकडीत होतं.

३

ऊर्मिला घाबरली नाही. आधी चिडली. कुणीतरी तिच्या बोटीला वीज जोडली होती तर! ती वर गेली. विजेची केबल पेटीत होती, तिनंच सप्टेंबरात गुंडाळून, दोरी बांधून ठेवलेली. गाठही तिचीच. इंजिन चाललं तरी गिझर तापतो, पण इंजिनाला हात लावून पाहिला तर लोखंड थंडगार. सहा आठवड्यांत कुणी ते सुरू केलं नव्हतं.

'डबा चांगला आहे, ऊब धरून ठेवतो,' तिनं स्वतःला सांगितलं. सहा आठवडे? थर्मासमधला चहा संध्याकाळपर्यंत टिकत नाही. पण तिला कारण शोधायचं नव्हतं, काम संपवायचं होतं. पाणी निघालं की झालं, गरम की गार याच्याशी जानेवारीच्या बर्फाला काय करायचंय!

गिझर रिकामा झाला. मोठी बादली काठोकाठ भरली, उरलेलं पातेल्यात घेतलं. हे पाणी सरळ बाहेर ओतायचं, बस्स. पण तीस वर्षांचा संसार केलेली बाई कढत पाणी ओतून देत नाही. थंडीनं हातपाय गारठले होते. काम संपलं की याच पाण्यानं हातपाय धुवावेत, असं म्हणून तिनं बादली उचलून पुढच्या मोरीत नेऊन ठेवली. मोरी कसली, कपाटाएवढी खोली: एक कमोड, एक बेसिन, खाली पांढरा प्लास्टिकचा तळ, वर बशीएवढी गोल खिडकी. उल्हासराव तिला न्हाणी म्हणायचे. तिनं प्लास्टिकचा मग बादलीच्या काठाला अडकवला, दार ओढून घेतलं आणि मागे वळता वळता तोंडातून निघून गेलं:

"अहो, पाणी काढलंय!"

तीस वर्षं रोज सकाळी म्हटलेलं वाक्य. तोंडालाच सवय, डोक्याला पत्ता नाही. ती बाकावर बसली आणि रडली. नवरा गेल्यावर बाईनं रडायचं कधी, याचे सगळ्यांचे काही ठरलेले दिवस असतात. तिला नेमकं तेव्हा रडता आलं नव्हतं. आता आलं. मोठ्यानं, नाक सुरसुर ओढत.

म्हणून कडीचा आवाज तिला आधी नीट ऐकू आला नाही. आतून सरकवायची ती लहानशी पितळी कडी. खट्.

मग पाणी ओतल्याचा आवाज आला.

४

मन फार लबाड असतं. क्षणभर तिला आनंद झाला. हे नंतर तिनं कुणालाच सांगितलं नाही, पण झाला. ती डोळे पुसून ऐकत राहिली.

उल्हासरावांची आंघोळ तिला पाठ होती. पहिला तांब्या पायांवर. मग डाव्या खांद्यावर, मग उजव्या, आणि तिसऱ्या तांब्याला 'हर हर गंगे' असं ओरडायचं, स्टुटगार्टच्या शेजाऱ्यांची भीडभाड न ठेवता. मधे मधे मग बादलीत बुडल्याचा आवाज, फुंकरा, खाकरणं. आंघोळ म्हणजे एक कार्यक्रमच असायचा.

आत तसलं काही नव्हतं. फक्त पाणी पडत होतं. एकसारखं, वरून खाली, अंगावरून घरंगळत गेल्यासारखं. बादलीत मग बुडत नव्हता. कुणी श्वास घेत नव्हतं. पाणी अंगावरून खाली येताना जसं तुटतं, पसरतं, तसं तुटत होतं. म्हणजे त्याच्या वाटेत काहीतरी उभं होतं.

'पाइपात राहिलेलं असेल,' ती पुटपुटली. मग पंपाकडे पाहिलं. पंप गप्प होता. बादलीत बारा लिटर पाणी. तिनं घड्याळ लावलं. तीन मिनिटं. पाच. आठ.

नवव्या मिनिटाला फोन वाजला आणि ती बाकावरून उडालीच. हायडेलबर्गहून उर्जा, तिची मुलगी. पीएचडी करतेय, मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन.

"ममा, बिस्त दु फेर्तिश?" झालं का तुझं?

"होत आलं गं. गिझर रिकामा केला."

मग उर्जानं विचारलं, "ममा, वेर दुश्ट दा?"

कोण आंघोळ करतंय तिथं?

तोवर तिला आपल्याच कानांवर संशय घ्यायची सोय होती, ती आता गेली.

"पंप आहे," ती म्हणाली. "जुना झालाय. ठेवते मी."

अकराव्या मिनिटाला तिनं घड्याळ बंद केलं. पाणी पडतच होतं.

५

पळून जाता आलं असतं. पायऱ्या तीन, धक्का समोर, हेर ब्रुगर शंभर पावलांवर. तिनं विचारही केला. पण ब्रुगरला सांगायचं काय? आणि आज काम अर्धं टाकलं तर रात्री पाणी गोठणार, पाइप फुटणार आणि रविवारी भावजी मान हलवत म्हणणार, 'तरी मी सांगत होतो वहिनी.' ते 'तरी' तिला आत्ताच ऐकू आलं, आणि तिच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

"मी नाही जायची," ती मोठ्यानं म्हणाली. आतलं पाणी जराही थांबलं नाही.

तिनं यादी उलटली. दहा: गिझरच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडाव्यात. अकरा: पंपाची नळी गुलाबी औषधाच्या कॅनमध्ये बुडवावी. हे औषध गोठत नाही. पाण्याच्या जागी ते पाइपांत भरून ठेवायचं. बारा: स्वयंपाकघराचा नळ उघडून, धार गुलाबी होईपर्यंत थांबावं. खाली बादली धरावी, तळ्यात थेंब जाऊ देऊ नये.

तेरा: न्हाणीचा नळ शेवटी. आधी दार वाजवावं. थांबावं. मग जावं.

तिनं ते दोनदा वाचलं. तेच अक्षर, तीच काळी शाई, बाकीच्या कलमांइतकंच सरळ. चौथ्या कलमात चहा आणि तेराव्यात हे.

म्हणजे माहीत होतं त्यांना. सोळा ऑक्टोबर एकट्यानं यायचे ते बायकोला थंडी वाजेल म्हणून नव्हे. दारावर टकटक करून, कुणाची तरी वाट पाहून, मग आत जायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन भजी मागायचे. ताकास तूर लागू दिली नाही. तिला भीती वाटत होती, पण भीतीवर संताप चढून बसला. सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती ओरडली असती? बेशुद्ध पडली असती? बोट चालवायची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली बाई!

"हेच का तुमचं प्रेम?" तिनं कागदाला विचारलं. मग नळ्या जोडल्या. पान्हा दोनदा निसटला, बोटाचं साल निघालं, पण सांधा घट्ट बसला. पंपाची नळी औषधाच्या कॅनमध्ये बुडवली आणि नळ सोडला. स्वयंपाकघराच्या नळातून आधी पाणी आलं, मग फेस, मग गुलाबी धार. बारावं कलम झालं.

आता एकच नळ उरला होता.

६

न्हाणीच्या दारासमोर उभं राहिल्यावर पायांना ऊब लागली. फटीतून वाफ येत होती.

तिनं दार वाजवलं. तीनदा, बोटाच्या पेरानं.

पाणी थांबलं. शेवटचे थेंब पडले, तेही मोजता येतील इतक्या सावकाश. मग काहीच नाही. कुणीतरी आतून कान देऊन उभं असावं, इतकं काहीच नाही.

उल्हासराव या ठिकाणी थांबायचे. किती वेळ, ते लिहिलेलं नव्हतं. ऊर्मिला थांबली. तीस वर्षांत तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती, उखाण्यातलं काय ते तेवढंच. आता तिनं ती मारली.

"उल्हास?"

उत्तर आलं नाही. तो असता तर हसला असता. तिच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकून तो चितेवरूनसुद्धा हसला असता. ती खात्री पटली आणि तिचं दुःख एकदम कोरडं झालं. मघाशी तिनं हाक मारली होती ती कुणाचंच नाव न घेता. ती हाक कुणीतरी स्वतःची समजून उचलली होती.

"हे बघा," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिनं पुन्हा सुरुवात केली. "हे बघा. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, जाणूनही घ्यायचं नाही. मी ऊर्मिला. ही बोट माझी आहे. पाणीही माझ्या माणसासाठी काढलं होतं, तुमच्यासाठी नाही. मी आत येतेय."

कडी आतून लागली होती. तरी तिनं दार ढकललं तर ते उघडलं.

आत वाफ. आरसा पांढरा झालेला. भिंती, बेसिन, कमोडचं झाकण, सगळं निथळत होतं. बादली ठेवली होती तिथेच होती आणि काठोकाठ भरलेली होती. काठाला अडकवलेला मग कोरडा.

आणि बादलीच्या पलीकडे, ओल्याचिंब पांढऱ्या तळावर, दोन जागा कोरड्या होत्या. शेजारी शेजारी. तळव्यांच्या आकाराच्या, तिच्या पावलांहून लहान, बोटं भिंतीकडे. पाणी त्यांच्या कडेपर्यंत येत होतं आणि वळसा घालून जात होतं.

वर पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं. नळ त्या दोन जागांच्या वरच होता. तिला हात लांब करावा लागला. बाही कशाला तरी घासल्यासारखी झाली आणि मनगटापासून कोपरापर्यंत ऊब चढली, तापाच्या अंगाला हात लावल्यासारखी. तिनं नळ सोडला. बाहेर पंप घरघरला. पाणी आलं. पाणी, पाणी, पाणी. एवढ्या लहान पाइपात एवढं पाणी मावतं तरी कसं! तिनं दात आवळले आणि मोजायला लागली. एक्केचाळीसला फेस आला. त्रेपन्नला गुलाबी.

बेसिनची जाळी गुलाबी भरली तशी तिनं नळ बंद केला. मग कशी कुणास ठाऊक, पण नजर खाली गेली. दोन्ही कोरड्या जागा वळल्या होत्या. बोटं आता तिच्याकडे होती.

पळायचं सोडून ऊर्मिलानं काय केलं, तर वाकून बादली उचलली. बारा लिटर, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, अर्धी सांडत. उलटपावली बाहेर आली, पायऱ्या चढली आणि सगळं कढत पाणी तळ्यात भिरकावलं. धुक्यात भपकन वाफ उठली. पाणी स्वच्छ होतं, नियमात बसत होतं.

"झाली तुमची आंघोळ," ती म्हणाली.

७

मग खाली जाऊन तिनं फडक्यानं न्हाणीचा तळ पुसला. सगळा. त्या दोन जागाही, आणि त्या आता बाकीच्या तळाइतक्याच ओल्या होत्या. चौदावं कलम: सगळे नळ उघडे सोडावेत, बॅटरी बंद करावी. केलं. खिशातलं पेन काढून तेराव्या कलमाखाली तिनं आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं: 'उर्जा, हे वाचून घाबरू नकोस. मला विचार. मी सांगेन.' आणि कागद जागच्या जागी ठेवला.

साडेतीन वाजले होते. तिनं बादली धक्क्यावर ठेवली, बोटीच्या दाराच्या फळ्या बसवल्या, कुलूप लावलं. किल्ली फिरवली तेवढ्यात आतून हाक आली. अगदी हळू, मायेनं, घरातलं माणूस मारतं तशी.

"ऊर्मिला, पाणी काढलंय."

आवाज बाईचा होता. तिच्या लक्षात आलं, तो तिचाच होता. आणि हेही लक्षात आलं, की भावजी तिला वहिनी म्हणतात, उर्जा ममा म्हणते, ब्रुगर आडनावानं बोलावतो. तिचं नाव आज या बोटीवर एकाच ठिकाणी उच्चारलं गेलं होतं, आणि तेही तिनंच.

अंगावरचा एकूण एक केस उभा राहिला. पण किल्ली तिच्या हातात होती.

"माझी झालीय सकाळीच!" ती इतक्या जोरात ओरडली, की धुक्यातून ब्रुगरचा कुत्रा भुंकला. तिनं बादली उचलली आणि धक्क्यावरून चालत निघाली. मागे पाहिलं नाही. धावलीही नाही.

८

सकाळी सगळं बंदर पांढरं झालं होतं. ब्रुगरनं क्रेनचे पट्टे कौमुदीच्या पोटाखालून घेतले आणि फॉर्म पुढे केला. पाणी काढलं आहे: खूण. गॅस बंद आहे: खूण. खाली सही.

"फ्राऊ कर्वे," ब्रुगर म्हणाला, "एक चौकोन राहिला."

बोटीवर कुणीही व्यक्ती नाही.

ऊर्मिलानं पेन घेतलं. मग तिथेही खूण केली, इतकी दाबून की कागद फाटला.

क्रेन कुरकुरली. कौमुदी तळ्यातून वर उचलली गेली, निथळत, पट्ट्यांत हेलकावत. सगळ्या काचांवर बाहेरून हिमाची जाळी धरली होती. न्हाणीची बशीएवढी गोल खिडकी मात्र आतून वाफेनं धुरकटलेली होती. ब्रुगर लिव्हरकडे पाहत होता, त्याला दिसलं नाही. ऊर्मिलाला दिसलं. त्या वाफेत कुणीतरी आतून जागा पुसायला लागलं होतं, बाहेर पाहता येईल एवढी.

खिशात फोन थरथरला. भावजी. तिनं खिडकीवरची नजर न काढता तो कानाला लावला.

"बोला भावजी. हो, झालं सगळं. थेंबही नाही राहिला," ती म्हणाली. "नाही. रविवारी येऊ नका. बोट विकायची नाहीये."

मग फोन ठेवून तिनं ब्रुगरला हाक मारली, नावानं.

"सावकाश घ्या, हेर ब्रुगर. एप्रिलमध्ये मला ती परत पाण्यात हवीय."